ठराव मांडण्याआधी

प्रिय मुली,

तुझ्या ठरावाचा मसुदा मिळाला. सरकारी भाषा तुला छान जमायला लागली आहे. ‘सदर बाब विचारात घेता’, ‘सर्वानुमते मंजूर करण्यात येत आहे’ हे ज्याला निवडून आल्या आल्या जमतं, तो पुढं पंचायत समितीपर्यंत जातो, असा आमच्याकडचा अनुभव आहे. पण हा ठराव येत्या ग्रामसभेत मांडू नकोस. का, ते सविस्तर लिहिते. फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि तुझ्या घरात फोन स्पीकरवर असतो.

तू लिहिलं आहेस की गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव आणि महिना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आशाताईंनी दर पंधरवड्याला समितीपुढं अहवाल ठेवावा. मध्येच कुणाचं पोट दिसेनासं झालं तर दक्षता समितीनं घरी जाऊन चौकशी करावी, संशय आल्यास पोलीस पाटलांना कळवावं. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘मुलगी वाचवा’.

हेतूबद्दल मला शंका नाही. आकडे तुला पाठच आहेत. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. आम्हा नर्सबायांना हे जनगणनेआधीच प्रसूतीच्या रजिस्टरात दिसत होतं. एका घरात पहिली मुलगी, दीड-दोन वर्षांनी दुसरी मुलगी, मग बरीच वर्षं काहीच नाही, आणि त्यानंतर थेट मुलगा, पेढ्यांसकट. मधल्या काळात काय काय झालं ते त्या बाईच्या हिमोग्लोबिनवरून कळायचं. गर्भलिंग तपासणीवर देशात सगळ्यांत आधी कायदा केला तो महाराष्ट्रानं, १९८८ साली. मुंबईत बायकांच्या संघटनांनी गर्भजल परीक्षेविरुद्ध रान उठवलं होतं म्हणून तो झाला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी घसरण थांबेना, तेव्हा २००० साली ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या इथल्या संस्था आणि लिंगनिदानाविरुद्ध लढणारे डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं राज्यांचे कान उपटल्यावर कुठं सोनोग्राफी मशिनांच्या नोंदणीला वेग आला. म्हणजे या विषयात जे काही हललं ते लोकांच्या रेट्यानं हललं. तू त्यात उतरते आहेस याचा मला आनंदच आहे.

पण तुझा मसुदा परत एकदा वाच. त्यात सोनोग्राफी सेंटर कुठंच नाही. डॉक्टर नाही, गाडी घेऊन येणारा एजंट नाही, ‘या खेपेला दिवा लागला पाहिजे’ म्हणणारं घर नाही. आहे ती फक्त बाई आणि तिचं पोट.

दोन कायदे आहेत आणि गावात ते नेहमी एकात एक कालवले जातात. गर्भाचं लिंग तपासणं हा गुन्हा आहे, मग बाई कितव्या महिन्यात असो. गर्भपात मात्र चौकटीत राहून केला तर गुन्हा नाही, आणि हे आजकालचं नाही. कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ पासून. ज्या समितीच्या अहवालावर तो उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि तेही ठरावीक परिस्थितीत : बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, अशा. चोवीसच्या पुढं गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं, नाहीतर कोर्टाची पायरी, आणि तिथंही होकार मिळेलच असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या एका विवाहितेला सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. त्याच न्यायालयानं आदल्या वर्षी, २९ सप्टेंबर २०२२ ला, अविवाहित मुलीलाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ मिळाला पाहिजे असा निकाल दिला होता. डॉक्टर स्वतःच्या मनानं घरच्यांची संमती नि कागदपत्रं मागतात, हे बंद झालं पाहिजे, असंही त्यात म्हटलं आहे.

संमती फक्त तिची. बाई अठरा वर्षांवरची आहे आणि मनोरुग्ण नाही, एवढं पुरे. नवऱ्याची, सासऱ्याची, भावाची सही लागत नाही. हे वाक्य घरी मोठ्यानं म्हणून बघ. सभेत तुला ते कधीतरी म्हणावं लागणार आहे आणि तेव्हा आवाज कापून चालणार नाही.

आता तुझ्या फलकाकडं येते. सरकारमान्य केंद्रात गर्भपात झाला की बाईचं संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत एका लखोट्यात घालतात, तो सीलबंद करतात, त्यावर ‘गुप्त’ लिहितात आणि तो दवाखान्याच्या प्रमुखाच्या ताब्यात राहतो. रजिस्टर असतं, तेही गुप्त. केसपेपरवर नावाऐवजी अनुक्रमांक. मी असे लखोटे स्वतः खळ लावून बंद केले आहेत आणि कपाटाची किल्ली पदराला बांधून हिंडले आहे. २०२१ च्या दुरुस्तीत तर नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. जी गोष्ट डॉक्टरनं सांगितली तर तुरुंग, ती तू ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, रोजगार हमीच्या यादीशेजारी, खिळ्यानं ठोकायला निघाली आहेस.

आणि पोलीस पाटील? पोलिसांपर्यंत गोष्ट गेली की कोणतं कलम लागतं ते बघ. गर्भपाताच्या कायद्याबाहेर काही घडलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ लागतं, जुन्या दंडविधानातलं ३१२, आणि त्यात खुद्द बाईसुद्धा आरोपी होऊ शकते. लिंगनिदानाचा कायदा याच्या अगदी उलट चालतो. तिथं धरूनच चालायचं असतं की बाईवर नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी जबरदस्ती केली. तुझा ठराव आला तर पहिली चौकशी होईल ती या बाईची. सेंटरवाल्याला पत्ताही लागणार नाही.

एक साधा हिशेब बघ. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळायला साधारण बारा-चौदा आठवडे उलटावे लागतात. म्हणजे जी बाई सातव्या-आठव्या आठवड्यात ‘मला नको आहे’ म्हणून येते, तिला पोटात काय आहे ते ठाऊक नसतं. तिला दोन लहान मुलं असतात, किंवा तांबी निघून आलेली असते, किंवा नवरा कुटुंबनियोजनाच्या गोळ्या खाऊ देत नसतो. तिला लवकरात लवकर सेवा मिळाली तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. उशीर झाला की सगळं गढूळ होतं : जोखीम वाढते, खर्च वाढतो, आणि मग कोण कशासाठी आलं आहे याचा संशयही वाढतो.

तुझ्या ठरावानं नेमका उशीर होईल. आज आशाताईला बायका सांगतात, ‘पाळी चुकली गं, बघ जरा.’ उद्या तीच आशाताई समितीची खबरी झाली तर कुणी तिच्याजवळ तोंड उघडणार नाही. बाराव्या आठवड्याच्या आत होणारी नोंदणी विसाव्यावर जाईल. ज्यांना मूल हवंय त्या बायकांच्याही धनुर्वाताच्या सुया, लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी, सगळं लांबेल. आशाताई तुझ्याच गावात राहते, तिला त्याच विहिरीवर, त्याच किराणा दुकानात जायचं असतं. तिला पोलिसाचं काम देऊ नकोस.

तू म्हणशील, मग म्हैसाळचं काय? बरोबर आहे. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका बाईचा गर्भपातात जीव गेला आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेली एकोणीस अर्भकं सापडली. त्याआधी २०१२ साली परळीत असंच एक मरण होऊन सगळं राज्य हादरलं होतं. या दोन्ही प्रकरणांत बाईचं नाव फलकावर नव्हतं म्हणून गुन्हा झाला का? दवाखाने उघड चालत होते. कुणी दारात गाड्या बघत होतं, कुणी औषधं पुरवत होतं, कुणी रिपोर्ट नजरेआड करत होतं. त्या सगळ्यांना वगळून गावोगाव ‘दक्षता’ सुरू झाली. परळीनंतर अन्न व औषध प्रशासनानं मेडिकल दुकानांवर असा बडगा उगारला की दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. ‘मॅडम, ते लफडं नको, हिशेब देत बसावं लागतं,’ हे मी कितीतरी दुकानांत ऐकलं आहे. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर त्या गोळ्या विकणं पूर्ण कायदेशीर आहे, तरी. आणि चिठ्ठीशिवाय, दुप्पट-तिप्पट भावानं, बसस्टँडमागच्या बोगस डॉक्टरकडं मात्र त्या मिळत राहिल्या.

अशाच एका बाईची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगणार नाही, विचारूही नकोस. तीन मुलं, नवरा कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला परजिल्ह्यात. ही आजारी सासूपायी मागं राहिलेली. दीड महिना वर गेल्यावर आरोग्य केंद्रात आली. डॉक्टर म्हणाले, इथं सोय नाही, ग्रामीण रुग्णालयात जा. तिथं सांगितलं, सोनोग्राफी बाहेरून करून ये. केली, पदरच्या पैशांनी. मग सांगितलं, डॉक्टर मॅडम मंगळवारी असतात. मंगळवारी मॅडम ट्रेनिंगला. पुढच्या मंगळवारी विचारलं, नवरा कुठंय? सही लागते. ती म्हणाली, फडावर आहे, पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय, मुकादम सोडत नाही. मग म्हणाले, सिव्हिलला जा. सिव्हिलला जायचं तर एसटीचं भाडं, एक रोज बुडणार, सासूजवळ कोण? तिनं गावातल्या एकाकडून गोळ्या घेतल्या तेव्हा चौथा महिना लागला होता. त्यानं गोळ्या तरी कसल्या दिल्या कोण जाणे. रात्री तिला जीपमध्ये घालून आणली तेव्हा लुगड्याचा रंग ओळखू येत नव्हता. रक्ताच्या पिशव्या मिळाल्या म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात येऊन एका कर्मचाऱ्यानं तिला विचारलं काय, तर ‘मुलगी होती का?’

मला तेव्हा कळलं की आपण मोहीम इतकी जोरात चालवली की ती कशाविरुद्ध होती तेच लोक विसरले. आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्राच्या भिंतीवर कुणीतरी रंगवून ठेवलं होतं : ‘गर्भपात करणे व करवून घेणे कायद्याने गुन्हा आहे.’ सरकारी भिंत, सरकारी रंग, आणि मजकूर कायद्याच्या साफ विरुद्ध. त्या खाली बसून बायका नंबर लावत होत्या. तुझ्या केंद्राची भिंत आधी वाचून ये.

तू पत्रात अमेरिकेचा दाखला दिलास, की तिथं राज्यं कशी गर्भपाताबद्दल स्वतःचे कायदे करतात आणि लोक कसे रस्त्यावर उतरतात. खरं आहे. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं देशभराचं संरक्षण काढून घेतलं आणि प्रश्न राज्याराज्यांवर सोडला. त्याच ऑगस्टमध्ये कॅन्ससमध्ये, जे काही पुरोगामी राज्य म्हणून ओळखलं जात नाही, लोकांनी मतदान करून गर्भपाताचं संरक्षण राज्याच्या घटनेतून काढायला नकार दिला. घरोघर जाऊन बोलणाऱ्या लोकांचं ते काम होतं. पण तिथला मामला तिथला. आपल्याकडं कायदा दिल्लीचा आहे आणि तो पन्नासहून जास्त वर्षं लागू आहे. आरोग्य मात्र राज्याचा विषय. कोणत्या केंद्रात प्रशिक्षित डॉक्टर द्यायचा, कुठं औषध पोचवायचं, खाजगी दवाखान्यांना मान्यता किती दिवसांत द्यायची, औषध दुकानांवर छापे कशासाठी घालायचे, भिंतीवर काय रंगवायचं, हे सगळं मुंबईत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ठरतं. राज्याचं गर्भपात धोरण म्हणून एखादा कागद शोधत बसशील तर सापडणार नाही. ते या अशा गोष्टींत असतं, आणि म्हणूनच ग्रामपंचायत सदस्याला तिथं हात घालता येतो. कॅन्ससच्या बाईला मतपेटी लागली. तुला आवक-जावक रजिस्टर लागेल.

मग काय करायचं? पहिल्यांदा माहितीचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं विचार : तालुक्यात गर्भपाताची मान्यता असलेली केंद्रं किती आणि कोणती, त्यांतली सरकारी किती, प्रशिक्षित डॉक्टर सध्या कुठल्या केंद्रात आहेत, गेल्या वर्षी प्रत्येक ठिकाणी किती सेवा दिल्या, जिल्हास्तरीय समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. बाईचं नाव, गाव, जात, वय यातलं काहीही चुकूनसुद्धा मागू नकोस. आकडे आणि तारखा पुरतात. सरकारी केंद्राला वेगळी मान्यता लागत नाही, हे लक्षात ठेव. तिथं फक्त प्रशिक्षित माणूस आणि सामान लागतं. ‘आमच्याकडं परवानगी नाही’ असं कुणी सांगितलं तर ते लेखी माग. लेखी मागितलं की निम्मी कारणं तिथंच विरघळतात.

ती जी जिल्हास्तरीय समिती म्हटली, खाजगी दवाखान्यांना मान्यता देणारी, तिच्यात डॉक्टरांखेरीज स्वयंसेवी संस्थेचा आणि जिल्ह्यातल्या पंचायत राज संस्थेचा सदस्य घेण्याची तरतूद नियमांतच आहे, आणि एक तरी बाई असलीच पाहिजे. ती जागा तुझ्या जिल्ह्यात कुणाकडं आहे? बहुतेक वेळा त्या सदस्यालाच ते ठाऊक नसतं. जिल्हा परिषदेत तुझ्या गटाच्या ज्या ताई आहेत त्यांना भेट, त्यांना विचार. त्यांना राजकारणात रस आहे, यातही पडेल.

सोनोग्राफी सेंटरांचं काम याहून निराळं, आणि तिथं मऊ होऊ नकोस. दर्शनी भागात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा मराठी आणि इंग्रजी फलक आहे का, नोंदणीचं प्रमाणपत्र लावलं आहे का, कायद्याची प्रत बघायला मागितली तर मिळते का, हे कुणीही नागरिक जाऊन बघू शकतो. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा ‘फॉर्म एफ’ भरायचा असतो आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडं जायचा असतो. जिल्ह्यात ते जिल्हा शल्यचिकित्सक. तुझ्याकडं ठोस काही असेल तर त्यांच्याकडं लेखी तक्रार दे आणि त्यातच लिही की कारवाई न झाल्यास न्यायालयात जाण्याचा माझा इरादा आहे. लिंगनिदानाच्या कायद्यातल्या कलम २८ प्रमाणं अशी पंधरा दिवसांची नोटीस दिली की सामान्य माणूसही थेट न्यायदंडाधिकाऱ्यापुढं जाऊ शकतो. हे हत्यार फार थोड्यांना माहीत आहे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठू नकोस. ‘ठेवून जा मॅडम, बघतो’ म्हणतील. त्यांना म्हण, मी बसते, तुम्ही शिक्का शोधा.

एक गोष्ट मात्र आधी तपास : तालुक्याच्या गावातलं ते सेंटर कुणाचं आहे आणि तुमच्या पॅनेलला निवडणुकीत पैसे कुणी दिले. ही दोन नावं एकच निघाली तर कुणाला विश्वासात घ्यायचं हे तुला नव्यानं ठरवावं लागेल. त्यातून मागं हट असं म्हणत नाही.

माझं स्वतःचं मत विचारशील तर सांगते, आणि ते सगळ्यांना पटेल असं नाही. मला आपला कायदा उदार वाटतो, पण पुरेसा नाही. तो आजही बाईचा निर्णय डॉक्टरच्या मताआड ठेवतो. तिच्या जिवाला किंवा शरीर-मनाला धोका आहे, किंवा साधन फसलं, असं कुणीतरी पदवीधरानं म्हणायचं, मग वाट मोकळी. निदान पहिल्या बारा आठवड्यांत तिनं ‘नको’ म्हटलं एवढं पुरलं पाहिजे. आणि गोळ्यांची सेवा प्रशिक्षित नर्सला देता आली पाहिजे. २०१४ साली दुरुस्तीचा एक मसुदा आला होता, त्यात नर्स, एएनएम आणि आयुष डॉक्टरांना परवानगी द्यावी असं होतं. ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि ते बारगळलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत नर्स आणि सुईणींना त्यासाठी योग्य मानलं आहे. उपकेंद्रात रात्री दोन वाजता बाळंतपण आम्ही करायचं, त्याला कुणाची हरकत नाही. गोळी द्यायची म्हटली की मात्र आम्ही अडाणी! असो. हा माझा जुना राग आहे, तो तुझ्या ठरावात आणू नकोस.

गर्भपात ही किरकोळ गोष्ट आहे असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. तुला सभेत अशा बायका भेटतील ज्यांना ते पाप वाटतं. आमच्या भजनी मंडळातल्या एक माळकरी काकू तशाच होत्या. त्यांच्याशी मी पापपुण्यावर वाद घातला नाही. मी विचारलं, सुनेनं दवाखान्यात जाऊन आपल्या देहाबद्दल काही ठरवायचं, तर कागदावर सही कुणाची असावी? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘माझी पाच बाळंतपणं झाली, मला कुणी काही विचारलं नव्हतं.’ त्यांचं मत बदललं असं नाही. पण नवऱ्याच्या सहीचा विषय निघाला तेव्हा त्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. अशा माणसांना ‘मागासलेल्या’ म्हणून बाजूला सारशील तर सभेत एकटी पडशील.

म्हणून हा विषय थेट मोठ्या ग्रामसभेत नेऊ नकोस. तिथं पुढच्या खुर्च्यांवर कोण बसतं ते तुला माहीत आहे. आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, ती कायद्यातच आहे, फक्त बहुतेक गावांत ती कागदावर होते आणि सह्या घरी जाऊन गोळा करतात. तू ती खरोखर भरव. दुपारी, अंगणवाडीत, पुरुष ग्रामसेवक असेल तर त्यांना इतिवृत्तासाठी शेवटची पंधरा मिनिटं बोलाव. गर्भपातापासून सुरुवात करू नकोस. विचार की केंद्रात बायकांच्या तपासणीला पडदा आहे का, संडासाला कडी आहे का, तांबी काढायला गेल्यावर काय उत्तर मिळालं. बोलतं होऊ दे. तो विषय त्यांच्याच तोंडून निघेल, ‘क्युरेटिन’ म्हणून किंवा ‘पिशवी साफ केली’ म्हणून. कुणी स्वतःची हकिगत सांगायला लागली तर तिला थांबव, हळूच, आणि म्हण, नंतर बोलू. इतिवृत्तात तिची हकिगत येता कामा नये, फक्त मागणी यावी.

२००७ पासून राज्यात काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा जनसुनवायांत मी सरकारी बाजूला, टेबलामागं बसायचे. त्यामुळं सांगते. बाई माईकवर रडली की समोरचे अधिकारी मान खाली घालतात, आणि पुढच्या महिन्यात सगळं जैसे थे. पण कुणी उभं राहून म्हटलं की ‘आमच्या केंद्रात एप्रिलपासून प्रशिक्षित डॉक्टर नाही, हे तुमचंच उत्तर, हा जावक क्रमांक’, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला फाइल उघडावी लागते. आम्हाला घाम फुटायचा तो अशा माणसांमुळं.

अल्पवयीन मुलींचं प्रकरण आलं तर तुझ्या अकलेनं काही करू नकोस. तिथं पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो; डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. पण २०२२ च्या निकालानं एक वाट ठेवली आहे : मुलीची आणि पालकांची इच्छा असेल तर डॉक्टरनं कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. हे तुमच्या केंद्रातल्या डॉक्टरांना माहीत आहे का, एवढं मात्र विचारून ठेव. घाबरून अशा मुली दवाखान्यातच येत नाहीत, ही खरी अडचण आहे.

तुझा मसुदा मी फाडलेला नाही. ‘दक्षता समिती’चा परिच्छेद तेवढा कापून त्या जागी तीन मागण्या लिहिल्या आहेत : प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्या तिमाहीतली गर्भपात सेवा आणि त्यासाठी प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी, ‘संमती फक्त स्त्रीची’ असा फलक ओपीडीच्या दाराशी, आणि तालुक्यातल्या सोनोग्राफी सेंटरांच्या तपासणीच्या तारखा ग्रामपंचायतीला कळवणं. ‘मुलगी वाचवा’ राहू दिलं आहे. महिला ग्रामसभेची तारीख मोकळी सोडली आहे, ती तू घाल. पण बाजाराचा दिवस टाळ आणि सोयाबीनच्या काढणीत धरू नकोस. कागद उद्या एसटीच्या पार्सलनं पाठवते, सुटायच्या आधी कंडक्टरचा नंबर कळवीन.

तुझी,
मावशी